मामींचा पावशेर

संक्रांतीला मी महाराजपूरला भावाकडे गेले होते. सासूबाईंनी, मामींनीच पाठवलं. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाल्या, "जा न पोरी. इतक्या संक्रांती झाल्या, तू माहेरी जाऊन वाण लुटलं नाही. आता तुझा नवरा घरी आहे, मी आहे. काहून घाबरून राहिली?" म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी भावजयीबरोबर तिळगुळाचं ताट घेऊन शेजारी निघाले, तर दारात टांगा थांबला आणि आमचे शेजारी हवालदारजी उतरले. ते इथे येण्याचं काही कारण नव्हतं. मी त्यांच्याशी उभ्या जन्मात समोरून बोलले नव्हते, पण त्या दिवशी पदर सावरायच्या आधीच तोंडातून निघालं, "हे बरे आहेत न?"

"भैया ठीक है, बहू," ते म्हणाले. मग खाली पाहत म्हणाले, "अम्माजी... बैठे-बैठे चली गईं."

मी विचारलं, "कोण?" मामींना सगळा मोहल्ला अम्माजीच म्हणायचा. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा विचारलं, "कोण?" भावजयीनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं तेव्हा मला कळलं की मी ते घट्ट धरून उभी आहे. टांग्यात बसल्यावरही मनात एकच चाललं होतं, हवालदारजींचं काही चुकलं असेल. म्हातारे झाले आहेत, त्यांना नीट ऐकू येत नाही. घरात आजारी होते ते हे. ताप यांना येत होता, अन्न यांना पचत नव्हतं, रात्री दचकून हे उठत होते. मामी तर सकाळी उठून दुकान उघडत होत्या, हमालावर ओरडत होत्या, गव्हाचं पोतं एकट्यानं ओढत होत्या. तराजूच्या घरात राहून आम्ही सगळे एकाच पारड्याकडे पाहून राहिलो होतो... दुसरं कधी वर गेलं, कोणाला दिसलंच नाही.

आता पंधरवडा उलटून गेला. दिवस झाले, गोडाचं झालं, पाहुणे गेले. तरी सकाळी दुकानाच्या फळ्या निघण्याचा आवाज आला की मला वाटतं, मामीच काढून राहिल्या. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. लिहिण्याचा सराव नाही आणि चार माणसांत बोलणं मला जमत नाही. पण मनातलं कुठे तरी ठेवायला पाहिजे, म्हणून हे लिहून ठेवते.

आमच्याकडे सासूला मामी म्हणतात, सासऱ्यांना मामाजी. मामींचं माहेर वरूडकडचं. लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात, गोहलपूरला आल्या आणि मामाजी गेल्यावर दाण्याच्या दुकानावर स्वतः बसल्या. लोकांनी नावं ठेवली. मामी म्हणायच्या, "नावं ठेवणारे उधारीही ठेवतात, दोन्ही वसूल करते मी." दुकान पुढे, घर मागे आणि मधे गोणपाटाचा पडदा. नवी नवरी म्हणून आले तेव्हापासून माझी जागा त्या पडद्यामागे. रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी मामी रिकामा तराजू उचलून धरायच्या, कोणतं पारडं झुकतं ते पाहायच्या आणि हलक्या बाजूला चिंचोका नाही तर खडा बांधायच्या. त्याला पासंग म्हणतात. "आधी पासंग, मग धंदा," असं म्हणून देवाला हात जोडायच्या. त्यांना अक्षर एक येत नव्हतं. पण पेपर ऐकायचं वेड होतं, आणि ते पुरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण हे कामावर जायचे आणि घरात वाचणारं दुसरं कोणी नव्हतं.

पेपर हवालदारजींचा. पहिल्या मोठ्या लढाईत ते समुद्रापार जाऊन आलेले. हिंदी पेपर घ्यायचे, पण डोळ्यांनी दिसायचं नाही. मग दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की ते येऊन पोत्यावर बसायचे, पेपर पडद्याखालून आत सरकवायचे आणि मी आतून वाचायची. ते माझा आवाज ओळखत, तोंड कधी पाहिलेलं नव्हतं. मी फार हळू वाचायची. मामी ओरडायच्या, "पोरी, वाचून राहिली का सुईत दोरा ओवून राहिली? जरा मोठ्यानं!" एकदा पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, 'संसार में सबसे बलवान कौन?' मी वाचलं आणि मलाच नवल वाटलं. मामी बाहेरून म्हणाल्या, "संसारात सगळ्यात बलवान? हे मला येऊन विचारायचं होतं, पेपरात काहून छापलं?" हवालदारजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरे अम्माजी, संसार माने दुनिया! दुनिया में किसकी फ़ौज बड़ी है, वो लिखा है." मामी जराही वरमल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्याकडे दुनियेला संसार म्हणतात. आमची दुनिया संसाराएवढीच. चल पोरी, वाच, कोणाची मोठी आहे ते."

त्या दिवशी सुरू झालं. त्या वेळी पूर्वेकडे लढाई लागली नव्हती, पण लागणार, लागणार असं पेपरात रोज यायचं. जपानकडे किती जहाजं, इंग्रजांकडे किती, अमेरिका मधे पडली तर काय, सिंगापूरच्या किल्ल्यावर तोफा केवढ्या. आकडे माझ्या डोक्यात राहायचे नाहीत, मामींच्या तर नाहीच. पण त्यांनी आपली रीत काढली. तराजूचं एक पारडं जपानचं, एक इंग्रजांचं. मी वाचत गेले की त्या बाट, म्हणजे वजनं, ठेवत जायच्या. लढाईच्या मोठ्या जहाजांना पाच शेरांची पसेरी. तोफांना शेर. विमानांना अर्धा शेर, कारण हवालदारजी म्हणायचे, विमान म्हणजे चिलट, भणभण फार. आणि फौजेतल्या माणसांना पावशेर.

हे एकदा घरी होते, त्यांनी ऐकलं. म्हणाले, "काय आई, इतके लाख माणसं आणि पावशेरच?"

"मग काय! माणसं कोणाकडे कमी आहेत? जपानकडे आहेत, चीनकडे आहेत, इंग्रजाकडे तर आपली सगळी आहेत. जे दोन्हीकडे भरपूर, त्याला काय वजन?"

हवालदारजींनी मान हलवली. "बात तो दुकानदारी की है." मीही पडद्यामागे हसले. त्या हसण्याची आता लाज वाटते.

हे फौजेच्या डेपोत कारकून होते. लढाईसाठी माणसं बाहेर पाठवू लागले तेव्हा यांचंही नाव लागलं. बंदूक धरायची नव्हती, सामानाचा हिशेब ठेवायचा होता, पण जायचं होतंच. यांच्या साहेबानं यांच्यावर लोभ म्हणून विचारलं, पश्चिमेकडे वाळवंटात जातो का पूर्वेकडे सिंगापूरला? दोन दिवसांत सांग. मामींनी दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदारजींना बोलावलं, घरातले जुने पेपर काढायला लावले आणि मला म्हणाल्या, "वाच. आज नीट वाच. एक शब्द सोडू नको."

मी वाचलं. सगळ्या पेपरांत एकच होतं. सिंगापूरचा किल्ला पोलादाचा, समुद्राकडून कोणाची हिंमत नाही. जपान वर्षानुवर्षं चीनमधे अडकून पडलेला, दमलेला. इंग्रजांची मोठी जहाजं त्या बाजूला निघालेली. मामी बाट ठेवत गेल्या. इंग्रजांचं पारडं असं खाली बसलं की जमिनीला टेकलं. जपानचं वर लोंबत राहिलं. हवालदारजी म्हणाले, "वहाँ तो लड़ाई होगी ही नहीं, अम्माजी. और हुई भी तो जापान पासंग बराबर है." वाळवंटात तर माणसं रोज मरत होती, ते पेपरातच येत होतं. मामींनी यांच्याकडे पाहिलं. "पूर्वेला जा," म्हणाल्या. "माझ्या तराजूनं आजवर कोणाला धोका नाही दिला."

निघताना यांनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि चेष्टेत म्हणाले, "निघाला तुझा पावशेर." मामींनी पाठीत धपाटा घातला. "जास्त बोलू नको. जेवत जा."

पुढचं जगाला माहीत आहे. यांची खुशालीची दोन पत्रं आली, आणि मग लढाई पूर्वेकडे लागलीच. पहिल्या आठवड्यातच पेपर आला. ज्या दोन मोठ्या जहाजांवर मामींनी पसेरी ठेवली होती, ती दोन्ही बुडाली. विमानांनी बुडवली... अर्ध्या शेराच्या चिलटांनी. मामींनी पसेरी उचलली, हातात धरून बसल्या, कुठे ठेवावी कळेना. मग रोज काही ना काही. जपानी समुद्राकडून आलेच नाहीत, मागून जंगलातून आले. किल्ल्याच्या तोफांची तोंडं समुद्राकडे, असं हवालदारजी कुठून तरी ऐकून आले. शिवरात्र नुकतीच झाली होती. दुपारी हवालदारजी आले, पण पोत्यावर बसले नाहीत. पेपर पडद्याखालून सरकवला आणि उभेच राहिले. मी घडी उघडली. सिंगापूर पडलं होतं. सगळी फौज जपान्यांच्या हाती गेली होती. मी पहिली ओळ वाचली आणि माझा आवाज गेला.

"पुढं वाच," मामी म्हणाल्या.

मला येईना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मामी उठून पडद्याच्या आत आल्या. दुकानाच्या वेळात त्या कधी आत येत नसत. माझ्या हातातला पेपर घेतला, उलटा धरला, त्याच्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "ह्यात माणसं किती ते लिहिलं आहे का?" मी होकारार्थी मान हलवली. खूप होती. मामींनी पेपर माझ्या मांडीवर ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, माझ्यापेक्षाही हळू, "रोज सकाळी माझ्या तराजूचा पासंग पाहते न मी... ह्या कागदाचा काहून नाही पाहिला?" मग बाहेर जाऊन बसल्या. एक बाई तेवढ्यात पावभर तूरडाळ मागायला आली होती. मामींनी ती अर्धा पाव अर्धा पाव, नवटाक नवटाक करून दोनदा तोलून दिली.

तेव्हापासून आमच्या दुकानात पावशेराचा बाट नव्हता. हरवला, म्हणाल्या. आम्ही पोत्यांमागे शोधलं, हमालानं दुकान झाडून काढलं, मिळाला नाही. नवा घ्या म्हटलं तर ऐकलं नाही. गोहलपूरची गिऱ्हाइकी सगळी पावभराची. विड्या वळणाऱ्या बायका रोजचं रोज नेणार. प्रत्येकीला दोन नवटाक. बायका टोमणे मारायच्या, "अम्मा, पूरी दुकान है और एक पाव का बाट नहीं!" मामी म्हणायच्या, "दोन नवटाक म्हणजे पावच, हिशेब करून घे." कोणी फार बोललं तर चिमूटभर डाळ वर टाकायच्या. मामी आणि वर टाकणार! गुळाचा खडा चाखायला मागितला तरी ज्या हात आखडायच्या, त्या. मला तेव्हा नवल वाटायचं, पण मी विचारलं नाही. मी कधी कोणाला काही विचारत नाही.

पेपर वाचणं थांबलं नाही. मामी रोज वाचायला लावायच्या, पण बाट हातात घेतला नाही. आता तोलणं तरी कसलं? जपान जिंकला तर हे कैदेतच राहणार. इंग्रज आणि अमेरिका जिंकत आले तर त्यांची विमानं तिथेच बॉम्ब टाकणार जिथे हे आहेत. कोणतंही पारडं खाली गेलं तरी आमचाच जीव वर. मधे एकदा, फार दिवसांनी, हे जिवंत आहेत एवढं सांगणारं छापील कार्ड आलं. मामींनी ते देवापाशी ठेवलं आणि त्या दिवशीही दुकान बंद केलं नाही. मला एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत. शेजारणी म्हणायच्या, सून पांढऱ्या पायाची. मामी दुकानावरून उतरून भांडायला जायच्या. "तिनं नाही पाठवला. मी पाठवला. माझ्याशी बोल."

लढाई संपली ती एका बॉम्बनं एक शहर गेलं म्हणून, मग दुसऱ्या बॉम्बनं दुसरं. मी वाचत होते आणि मला वाटलं की मला हिंदी येत नाही, मीच चुकीचं वाचून राहिले. संसारासारखंच काही असेल. पुन्हा वाचलं. तेच होतं. हवालदारजी म्हणाले, "बोलो अम्माजी, इसका बाट कौन सा?"

मामी म्हणाल्या, "त्या शहरात दाण्याचं दुकान असेल न, हवालदारजी? माझ्यासारखं कोणी बसलं असेल." एवढंच. त्यानंतर त्यांनी पेपर बंद केला.

दिवाळी होऊन गेली होती. हे येणार एवढं कळलं होतं, कधी ते नाही. मी आत पीठ चाळत होते. बाहेर उन्हात कोणी येऊन उभं राहिल्याची सावली पडद्यावर पडली. मामींचा आवाज आला, "क्या चाहिए, भैया?"

सावली तिथेच राहिली. मामींनी पुन्हा विचारलं, जरा चिडून, "बोलो न भैया, क्या चाहिए?"

"पावशेर," तो माणूस म्हणाला.

"पाव का बाट नहीं है. दोन नवटाक..." मामी सवयीनं म्हणून गेल्या आणि थांबल्या. कारण तो मराठीत बोलला होता. मी चाळण टाकून पडद्याकडे धावले. समोर एक माणूस उभा होता. गाल आत गेलेले, केस विरळ, खाकी कपड्यांत नुसती हाडं. मीही ओळखलं नसतं. मामी तराजू हातात तसाच धरून उठल्या, पारडी एकमेकांवर आपटत होती. त्यांनी पोटच्या पोराला गिऱ्हाईक समजून हिंदीत विचारलं होतं, क्या चाहिए... हे हसायचा प्रयत्न करत होते. "आई, परत आला न तुझा पावशेर," म्हणाले. मामींनी तोंडातून आवाज काढला तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, आणि पुन्हा ऐकायची वेळ देवानं आणू नये.

पुढचे दोन महिने मामी यांना भरवत राहिल्या. तूप, खीर, भाकरीचा काला. हवालदारजींच्या घरून निरोप आला की मुलगा सुखरूप आला, आता नवस फेडा, गुळानं त्याची तुला करा, पोती तोलायचा मोठा काटा तुमच्या घरचाच आहे. मामींनी हात जोडले. "गूळ वाटते लागेल तेवढा. माणूस तराजूवर नाही बसवणार." गूळ खरंच वाटला. एकदा हे जेवता जेवता म्हणाले, "आई, मी पश्चिमेला गेलो असतो तरी काय झालं असतं कोणास ठाऊक. तू मनाला लावून घेऊ नको." मामींनी यांच्या ताटात आणखी भात वाढला. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही.

त्या दिवशी महाराजपूरहून घरी पोहोचले तेव्हा मामींना आत आणलं होतं. दुकानात गव्हाच्या पोत्याला टेकून बसल्या होत्या म्हणे. डाळ घ्यायला आलेल्या बाईला वाटलं, डोळा लागला. ती तशीच परत चालली होती. हे भिंतीला टेकून बसले होते, रडत नव्हते, माझ्याकडे पाहून म्हणाले, "सकाळी मला म्हणाली, आज चेहरा भरला तुझा." पुन्हा पुन्हा तेवढंच.

आंघोळ घालायला आम्ही बायका बसलो. लुगडं सोडताना कनवटीची गाठ सुटेना. फडक्यात काही बांधून पक्की खोचलेलं होतं. मला वाटलं, किल्ल्या असतील. गाठ दातानं सोडवली. आतून पावशेराचा बाट निघाला. लोखंड अंगाच्या घामानं काळं गुळगुळीत झालेलं, आणि कमरेवर त्याच्याच आकाराचा काळा वण. जुना, घट्टा पडलेला. सिंगापूर पडलं त्या दिवसापासूनचा. उठता, बसता, पोती ओढता त्यांनी तो अंगावर वागवला होता. मी रोज रात्री त्यांचे पाय चेपत होते, आणि मला कळलं नाही... हे सुखरूप घरी आल्यावरही त्यांनी तो सोडला नव्हता. हे मला अजून समजत नाही.

मी तो यांच्या हातावर ठेवला. यांनी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. म्हणाले, "किती जड आहे ग."

आता दुकानावर मी बसते. यांना अजून फार वेळ बसवत नाही. पडदा बाजूला करून पहिल्या दिवशी बाहेर आले तेव्हा हवालदारजी पोत्यावरून उठून उभे राहिले. बाट देवापाशी आहे, त्या छापील कार्डाशेजारी. काल एक विडीवाली आली, पावभर तूरडाळ मागितली. मी रिकामा तराजू उचलून पासंग पाहिला आणि नवटाक ठेवला. ती म्हणाली, "बहू, सुना है पाव का बाट मिल गया?"

"मिळाला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "पण तो तोलायचा नाही." आणि तिला दोन नवटाक डाळ दिली, वर चिमूटभर टाकून.